डीमध्ये टिकून राहणारी पोरं हवीत

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



मंत्रालयातून निघून चर्चगेट स्टेशनच्या दिशेने चालत आलात, तर थोड्याच वेळात मुंबई हॉकी असोसिएशनचं स्टेडियम लागतं. आता त्याला महिंद्रा स्टेडियम म्हणतात. तिथे सरावाला येणाऱ्या पोरांसाठी हे पत्र लिहितो आहे. मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा रोख आपल्या लक्षात राहील. मुंबईत हॉकी खेळणाऱ्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना अंगात ताकद कमावण्याची आणि ती ताकद नियमात राहून वापरायला शिकण्याची सोय सरकारने करून द्यावी. नवं स्टेडियम मागत नाही. नवं टर्फही मागत नाही. जे आहे तिथे येणारं पोर धक्का लागल्यावर उभं राहावं, एवढंच मागतो आहे.

मी लालबागचा. परळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून नोकरीची सगळी वर्षं गेली. तरुणपणी कबड्डी खेळलो, शाळेत मात्र हॉकी शिकवली. हॉकीचं वेड लागलं ते चर्चगेटला विश्वचषक भरला तेव्हा. १२ जानेवारी १९८२ रोजी तिथे अंतिम सामना झाला आणि पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला ३-१ असं हरवलं. हसन सरदार हा त्यांचा सेंटर फॉरवर्ड. चेंडू स्टिकला आणि बचावपटू अंगाला, अशा अवस्थेतही त्याचा तोल ढळत नसे. त्यानंतर सहाच दिवसांनी, १८ जानेवारीला, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आमच्या भागाचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. माणसं गावाला गेली, गल्लीतल्या तालमी ओस पडल्या, गिरण्यांच्या आधारावर उभे असलेले खेळाचे संघ पांगले. हॉकीचं आणि लालबाग-परळचं नातं आधीच पातळ होतं. ज्या शहरात विश्वचषक भरला, त्याच शहराच्या मध्यावर राहणाऱ्या पोरांना पुढे हातात स्टिक धरण्याचं काही कारणच उरलं नाही. तरीही थोडी पोरं येतात. त्यांच्यातल्या एकाबद्दल सांगतो.

वय सतरा. राहायला माझ्या मागच्या इमारतीत. डिलाइल रोडचा पूल ओलांडून लोअर परळला गाडी पकडतो. पाठीवर किट, हातात स्टिक, आणि गर्दीत ती कुणाला लागू नये म्हणून उभी छातीशी धरलेली. खेळतो उजव्या बाजूने फॉरवर्ड. मनगट असं सुरेख की चेंडू स्टिकच्या डाव्या-उजव्या बाजूला फिरवताना बघत राहावं. गेल्या मोसमात त्याचं वजन होतं ५२ किलो. सामन्यात व्हायचं असं : तेवीस मीटरच्या रेषेजवळ त्याला पास यायचा, तो पहिला खेळाडू चकवायचा, दुसऱ्याला बगल द्यायचा, आणि डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, तोंडाशी तिसरा बचावपटू नुसता त्याच्या वाटेत येऊन उभा राहायचा. चेंडूला हातही न लावता. पोर त्याच्या खांद्यावर आपटून बाजूला फेकलं जायचं, चेंडू पुढे बेसलाइनबाहेर, पंचांचा हात खाली, शिट्टी नाही. उठून तो पंचांकडे बघायचा. त्या बघण्यात तक्रार असायची आणि ती चुकीची होती, कारण बचावपटूने काही गैर केलं नव्हतं. तो आधी येऊन उभा होता. आमचं पोर त्याच्यावर जाऊन आदळलं होतं.

यंदा त्याने खेळ बदलायला घेतला आहे. पूर्वी चेंडू घेताना ताठ असायचा, आता गुडघ्यात वाकून, पाय फाकवून बसतो. पहिला स्पर्श बचावपटूपासून लांब, मोकळ्या बाजूला काढतो. अंगावर कोणी आलं की खांदा आत ओढत नाही, तसाच ठेवतो. दोन महिन्यांपूर्वीच्या एका सामन्यात त्याच तेवीस मीटरवर मागून मोठा दणका बसला, तो डगमगला, एक पाय टर्फवर घसरला, पण चेंडू स्टिकला चिकटलेला राहिला. बचावपटूने चेंडूच्या आशेने त्याच्या अंगावरून स्टिक घातली. तोवर तो डीमध्ये शिरला होता. पेनल्टी कॉर्नर मिळाला. गोल झाला नाही, पण मला गोलाइतकाच आनंद झाला. सामना संपल्यावर मात्र बाजूला उभ्या असलेल्या एका प्रशिक्षकाने त्याला दटावलं : ‘हॉकी आहे ही, कुस्ती नाही. धक्काबुक्की नको.’

साहेब, माझं सगळं म्हणणं या वाक्याविरुद्ध आहे.

हॉकी हा अंगाला अंग भिडवण्याचा खेळ नाही, हे खरं. नियमपुस्तकात ते स्वच्छ आहे. प्रतिस्पर्ध्याला हात लावायचा नाही, त्याचा शर्ट किंवा स्टिक धरायची नाही, चेंडू झाकण्यासाठी पाठ लावून मागे सरकायचं नाही, अंगावर चालून जायचं नाही. चुकलात तर हिरवं कार्ड आणि दोन मिनिटं बाहेर. जास्त चुकलात तर पिवळं आणि किमान पाच मिनिटं. पण त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडे शिकवलीच जात नाही. एका जागी उभा असलेला खेळाडू कोणत्याही दिशेला तोंड करून चेंडू घेऊ शकतो. आणि चेंडू काढून घ्यायला येणाऱ्याने असं यायचं असतं की अंगाचा स्पर्श न होता चेंडू खेळता येईल. म्हणजे मी आधी जागा धरली, भक्कम उभा राहिलो, चेंडू माझ्याजवळ आहे, आणि तू माझ्या अंगातून चेंडूपर्यंत आलास, तर चूक तुझी. डीमध्ये अशी चूक झाली की पेनल्टी कॉर्नर. मुद्दाम केलेली असेल तर पेनल्टी स्ट्रोकही मिळू शकतो. फॉरवर्डची ताकद कामाला येते ती इथे. दुसऱ्याला पाडण्यासाठी नाही, स्वतः न पडण्यासाठी.

आणि न पडणं ही अंगमेहनतीची गोष्ट आहे. मांड्या, कंबर, पोटाचे आणि पाठीचे स्नायू, मान. धावता धावता एका पायावर सगळं वजन घेऊन वळणं. मागून दणका बसताना श्वास रोखून पोट आवळून धरणं. हे मनगटाने होत नाही.

भारताच्या पुरुष संघाने पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेत कर्णधार हरमनप्रीत सिंगने एकट्याने १० गोल केले. सगळ्यांनी हरमनप्रीतचं कौतुक केलं, ते त्याला मिळायलाच हवं होतं. पण ज्या पेनल्टी कॉर्नरवर त्यातले बहुतेक गोल झाले, ते आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी फॉरवर्ड डीमध्ये घुसून, पायावर चेंडू मारून, स्टिका अंगावर घेऊन ते मिळवत असतो. त्याचं नाव गोलफलकावर लागत नाही. त्या संघातले फॉरवर्ड मंदीप, अभिषेक, सुखजीत यांचे सामने पुन्हा लावून बघा. चेंडू नसतानाही ही मंडळी किती वेळा जागेसाठी खांद्याला खांदा देत असतात, ते मोजा.

हे भारतीय संघाला आपोआप जमलेलं नाही. २००८ साली आपण बीजिंग ऑलिम्पिकसाठी पात्रसुद्धा ठरलो नव्हतो. चिलीतल्या सांतियागोमध्ये ब्रिटनने आपल्याला २-० ने हरवलं होतं. त्या संघाचे प्रशिक्षक होते जोकिम कार्व्हालो, आपल्या मुंबईचे. २०१२ साली लंडनला आपण बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर होतो. त्यानंतर संघाने शरीराकडे गंभीरपणे बघायला सुरुवात केली. २०१७ पासून दक्षिण आफ्रिकेचे रॉबिन आर्केल संघाबरोबर होते, ताकद आणि दमसास हाच त्यांचा विषय. २०२१ साली टोकियोत जर्मनीविरुद्ध ३-१ अशा पिछाडीवरून आपण ५-४ असे जिंकलो. शेवटच्या मिनिटांतही पाय चालत होते, म्हणून ते जमलं. चाळीसएक वर्षांत आपली हॉकी पहिल्यांदाच उत्तरार्धात दमलेली दिसली नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण ही की हा सगळा शहाणपणा राष्ट्रीय शिबिरात आहे. शिबिरात पोचलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या खेळाडूला तो मिळतो. आमचं सतरा वर्षांचं पोर तिथवर पोचायच्या आधीच निवड चाचणीत बाजूला पडतं, आणि निवड समितीचे लोक म्हणतात, ‘गुणी आहे, पण अंगात जोर नाही.’ जोर नाही हे खरं असतं. पण तो कमवायला त्याला कुणी जागा दिली?

मुंबईच्या हॉकीत एक समजूत खोलवर रुजलेली आहे. आपला खेळ कौशल्याचा, त्यांचा ताकदीचा, असं आपण मोठ्या अभिमानाने म्हणत आलो. त्यासाठी धनराज पिल्लेचं नाव घेतलं जातं. खडकीत वाढलेला, मोडक्या स्टिका चिकटवून खेळायला शिकलेला, मुंबईत येऊन महिंद्राकडून खेळलेला काटकुळा पोरगा, चार ऑलिम्पिक खेळला, १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कर्णधार म्हणून सुवर्ण घेऊन आला. मीही त्याचा भक्त आहे. चर्चगेटला त्याला उजवीकडून सुटताना बघायला मी वर्ग सोडून गेलेलो आहे. पण धनराज बारीक होता म्हणून कमजोर होता, हे कुणी सांगितलं? त्याच्या पायांतला वेग कुठून यायचा? आणि धनराजसारखा एक माणूस अपवाद म्हणून जन्माला येतो, त्याच्या भरवशावर शाळेतल्या शेकडो पोरांचं प्रशिक्षण आखता येत नाही. शिवाय त्याच्या काळातला खेळ वेगळा होता. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव असायचे. आता पंधरा मिनिटांचे चार तुकडे असतात, मधे विश्रांती मिळते, आणि खेळाडू तर हवे तेव्हा बदलता येतातच. म्हणजे समोरचा बचावपटू प्रत्येक वेळी ताजातवाना होऊन येतो. तो दमेल आणि मग मी त्याला चकवेन, ही आशाच राहिलेली नाही.

मुंबईची हॉकी ज्यांनी घडवली त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. मर्झबान पटेल, ज्यांना सगळं मैदान ‘बावा’ म्हणतं, त्यांना २०१९ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. गरीब घरातली पोरं हाताशी धरून, पदरचं घालून त्यांनी खेळाडू तयार केले. युवराज वाल्मीकी आणि देवेंद्र वाल्मीकी हे दोघे भाऊ त्यांच्याच हाताखालचे. युवराज फॉरवर्ड. मरीन लाइन्सच्या एका चिमुकल्या खोलीत वाढलेला, म्हणजे गिरगावच्या हद्दीला लागूनच. २०११ साली चीनमधल्या ओर्डोसला पहिल्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना पाकिस्तानशी होता. निर्धारित वेळेत गोल झाला नाही. पेनल्टी स्ट्रोकवर भारत ४-२ असा जिंकला आणि शेवटचा निर्णायक स्ट्रोक युवराजने मारला. तो विजयी होऊन परतला तेव्हा साऱ्या देशाला कळलं की या मुलाच्या घरात वीज नाही. कॅमेरे आले, सत्कार झाले, वीजही आली. देवेंद्र पुढे २०१६ साली रिओ ऑलिम्पिक खेळला.

या गोष्टीतला चमत्कार आपण सगळ्यांनी डोक्यावर घेतला. वीज नसलेल्या घरातून भारताचा फॉरवर्ड निघाला, केवढी मोठी गोष्ट! मला त्याचा अभिमान आहे आणि रागही आहे. वीज नसलेल्या घरात फ्रिज नसतो. फ्रिज नाही म्हणजे दूध, अंडी, मटण सकाळी आणून संध्याकाळी खाता येत नाही. सराव संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात स्नायूंना जे खाणं लागतं, ते त्या वयाच्या पोराला कुठून मिळणार? युवराज पुढे जर्मनीच्या क्लबांकडून खेळला. तिथे काय शिकला ते तोच सांगू शकेल. मला एवढंच दिसतं की परदेशातल्या कोणत्याही साध्या क्लबात सोळा वर्षांच्या खेळाडूला जे मिळतं, ते मुंबईच्या पोराला भारताचा शर्ट अंगात आल्यावर मिळतं. देवेंद्रनंतर टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिम्पिक झाली. दोन्ही पुरुष संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता.

हे सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही, आणि त्याचं श्रेय आपल्याच खात्याला आहे. साताऱ्यातल्या फलटण तालुक्याकडे बघा. अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ. तिघी शेतकरी वस्तीतल्या. तिघी पुण्याला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडापीठात येऊन घडल्या. २०२३ साली जपानमध्ये भारताच्या मुलींनी पहिल्यांदा कनिष्ठ आशिया चषक जिंकला, त्या संघात वैष्णवी आणि ऋतुजा होत्या. या मुली मैदानावर कुणाच्या धक्क्याने हलत नाहीत. का? शेतातल्या कामाने अंग मुळातच तयार झालेलं असतं, हे एक. पण मोठं कारण बालेवाडी. तिथे राहायची सोय आहे, दोन वेळचं ताटभर जेवण आहे, व्यायामशाळा आहे, टर्फ आहे, आणि हे सगळं एकाच कुंपणात आहे. म्हणजे सरकारला हे करता येतं. सरकारने ते केलेलं आहे. मुंबईच्या पोराला मात्र टर्फ चर्चगेटला, जेवण लालबागला, आणि व्यायामशाळा ज्याची त्याने शोधायची.

मुंबईच्या पोराने बालेवाडीला जावं, असं आपण म्हणाल. काही जातात, जावंही. पण सगळ्यांना घर सोडणं शक्य नसतं. शाळेनंतर अनेकांना घरातलं कामही असतं. शिवाय मुंबईकडे जे आहे ते बालेवाडीकडेही नाही. ते सांगण्यासाठीच हे पत्र मी आपल्याला लिहायला घेतलं.

अंगावर येणाऱ्या माणसाला तोंड कसं द्यायचं, हे ज्ञान लालबाग, परळ, दादर, प्रभादेवी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते कबड्डीचं ज्ञान आहे. चढाईला गेलेला खेळाडू एकटा असतो आणि समोर सात जण असतात. त्याला खाली वाकून, वजन पायांच्या चवड्यांवर ठेवून, कोपऱ्यातल्या माणसाकडे थेट न बघता त्याच्यावर नजर ठेवावी लागते. घोट्याला पकड बसली तर कोणत्या क्षणी पाय ओढायचा, साखळी पकड जवळ येते आहे हे खांद्याच्या कोनावरून कसं ओळखायचं, तिघांनी धरलं तरी मध्यरेषेकडे अंग कसं ढकलायचं, हे आमच्या गल्लीतलं बारा वर्षांचं पोरसुद्धा दाखवून देईल. कोल्हापूरच्या चंदगड भागातला सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुंबाकडून खेळायला लागला तेव्हा बचावपटूंना अंगावर घेऊन तो मध्यरेषा गाठायचा आणि लोकांनी त्याला ‘बाहुबली’ म्हणायला सुरुवात केली. त्याला बघून कुणी म्हणालं नाही की यात कौशल्य नाही.

हॉकीत पकड नाही, पण पकडीला सामोरं जाणारं शरीर तेच लागतं. माझ्या त्या सतरा वर्षांच्या पोरात जो फरक पडला तो काही महागड्या यंत्राने पडला नाही. मी त्याला आठवड्यातून तीन संध्याकाळी आमच्या ओळखीच्या कबड्डीच्या मंडळात नेलं. तिथल्या पोरांनी त्याला मधे उभं केलं, कमरेला जुना टॉवेल बांधला, आणि चहूबाजूंनी ओढायला लागले. पाय जागचा हलू द्यायचा नाही, एवढाच नियम. पहिल्या दिवशी तो दर वेळी पडला. मग जोर, बैठका, सपाटे. मुद्गल फिरवून खांदे मोकळे. महिन्याभराने त्याला म्हटलं, आता तेच कर, पण हातात स्टिक धर आणि चेंडू सांभाळ. तेव्हा तो हसला. काय करायचं आहे हे त्याला कळलं होतं.

दादरला शिवाजी पार्कात श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून उभं आहे. तिथल्या मल्लखांबाच्या कामासाठी उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. पुरलेल्या खांबावर किंवा दोरीवर स्वतःचं अंग उलटंसुलटं पेलणारं मूल पोटाचे, पाठीचे आणि पकडीचे स्नायू जसे कमावतं, तसे हॉकीच्या फॉरवर्डला हवे असतात. सेनापती बापट मार्गावर हुतात्मा बाबू गेनू यांच्या नावाचं मुंबई गिरणी कामगार क्रीडा भवन आहे. या जागा आहेत, तिथे शिकवणारी माणसं आहेत. चर्चगेट आणि लालबाग यांच्यामध्ये रेल्वेची मोजकीच स्टेशनं आहेत, आणि तरीही इतक्या वर्षांत या दोन खेळांची ओळख झालेली नाही. हॉकीवाले हॉकीत, कबड्डीवाले कबड्डीत. दोन्ही खेळ आपल्याच खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे ही ओळख करून देणं आपल्याच हातात आहे.

सोय झाली नाही तर काय होतं तेही डोळ्यांदेखत दिसतं आहे. गिरण्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले, त्यांच्या काचेआड चकचकीत जिम आहेत. ती आमच्या पोरांसाठी नाहीत. मग पोरं गल्लीतल्या एखाद्या जिमला जातात. तिथे शिकवणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःचे दंड फुगवण्यापुरतं शिकलेला असतो. तो पोराच्या पाठीवर झेपणार नाही इतकं वजन टाकतो आणि महिन्याभरात पावडरचा डबा हातात देतो. त्या डब्यात काय आहे हे त्यालाही माहीत नसतं. सोळा वर्षांच्या पोराने असं काही घेतलं आणि उद्या राष्ट्रीय स्पर्धेत चाचणीत सापडलं, तर त्याची कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. चुकीच्या व्यायामाने कंबर गेलेली दोन पोरं मी पाहिली आहेत. ताकद कमवायची इच्छा वाईट नाही. ती चांगल्या हातांत पडत नाही, हे वाईट आहे.

मुलींचं तर याहून कठीण. हॉकी खेळणाऱ्या मुलीने वजन उचललं की घरचे म्हणतात, अंग राकट होईल. माझ्या शाळेतल्या किती चांगल्या फॉरवर्ड मुली चौदाव्या-पंधराव्या वर्षी या एका वाक्याने थांबल्या. वैष्णवी आणि ऋतुजा यांना एकदा मुंबईच्या शाळांमध्ये आणा, त्यांच्या तोंडून पालकांना ऐकू द्या. हे काम शंभर परिपत्रकांनी होणार नाही.

आता करायचं काय, ते थोडक्यात. चर्चगेटच्या सरावाच्या दिवशी मुलांना टर्फजवळच खाणं मिळू दे. दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ, केळं, पेलाभर दूध. अंडी न खाणाऱ्यांना उसळ. हे खर्चाचं नाही, नीट रोज पोचवण्याचं आहे. ताकद आणि दुखापत या विषयांत शिकलेला एक पात्र प्रशिक्षक आणि एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीन दिवस तिथे बसू दे, कारण गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरकडे जाणं आमच्या पोरांना परवडत नाही आणि ते दुखणं लपवून खेळत राहतात. वयाने लहान असलेल्यांनी फक्त अंगाच्या वजनाचा व्यायाम करावा. मोठ्यांनी वजनं उचलावीत, पण देखरेखीखाली. कामगार क्रीडा भवनात आठवड्यातले दोन दिवस हॉकीपटूंसाठी राखून घ्या आणि तिथे शिकवायला कबड्डीचे जुने खेळाडू नेमा. त्यांचं मानधन आपल्याला जड नाही, आणि ज्यांनी राज्यासाठी खेळून पुढे कुठे कारकुनी केली, त्यांना त्यात मोठा मान वाटेल.

एक काम हॉकीच्या संघटनेला बरोबर घेऊन करावं लागेल. शाळेच्या स्पर्धांतले पंच आणि प्रशिक्षक यांच्यासाठी वर्षातून एकदा कार्यशाळा घ्या. विषय एकच : नियमात राहून अंग कसं वापरायचं. कुठे फाउल आहे आणि कुठे नाही, हे व्हिडिओ दाखवून समजवा. पंचांनी मागून येणाऱ्या धक्क्याला शिट्टी वाजवली, तर फॉरवर्ड निर्भय होतील. प्रशिक्षकांनी कुणी भक्कम उभं राहिलं की ‘कुस्ती नाही ही’ असं म्हणणं थांबवलं, तर पोरं उगाच शरमणार नाहीत. आणि जी खरोखरच अंगावर जातात, कोपर मारतात, स्टिक मारतात, त्यांना बाहेर बसवण्यात कुणीही हयगय करू नये. माझं पोर असलं तरी.

आणखी एक. नव्याने सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमध्ये २०२४-२५ च्या मोसमात आठ पुरुष संघ होते. त्यांत मुंबईचा नव्हता, महाराष्ट्राचाही नव्हता. पूर्वीच्या लीगमध्ये मुंबईचा संघ होता. एखादा उद्योगसमूह पुढे आला तर तो संघ पुन्हा उभा राहू शकतो. पण तो उभा राहिला तरी त्यात मुंबईचा फॉरवर्ड कोण असेल, हा प्रश्न आज विचारला तर उत्तर देता येत नाही. म्हणून आधी पोरांकडे बघा, संघ नंतर येईल.

हे सगळं एका वर्षात प्रयोग म्हणून करता येईल. चाळीस पोरं घ्या, वीस मुलगे आणि वीस मुली. गिरगाव, भायखळा, लालबाग, परळ, दादर इथल्या शाळांमधली. सुरुवातीला वजन, धाव, उडी आणि तोल मोजा, वर्षाने पुन्हा मोजा. फरक पडला नाही तर योजना बंद करा, मी तक्रार करणार नाही.

कबड्डीचे सहा जुने खेळाडू या कामाला बिनपैशाने सुरुवात करायला तयार आहेत. मी त्यांना विचारलं आहे. क्रीडा भवनातली जागा आणि चर्चगेटला संध्याकाळी खाणं पोचवायची परवानगी आपल्या कार्यालयामार्फत मिळाली, की पुढच्या सोमवारपासून आम्ही उभे राहू.

आपला नम्र,
लालबागमधला एक निवृत्त क्रीडाशिक्षक